मैदानावर काळी फीत बांधावी का?



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक संपत आली होती. बचतीचा भरणा झाला, सह्या झाल्या, सगळ्या जणी उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात गावातल्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. दोघी शाळेच्या कबड्डी संघात आहेत. मागच्या वर्षी त्या ज्या मैदानावर खेळायला गेल्या, तिथं मुलींना कपडे बदलायला आडोसा नव्हता आणि शौचालयाला कुलूप होतं. लघवीला जायची वेळ येऊ नये म्हणून मुलींनी सकाळपासून पाणीच प्यायलं नाही आणि तशाच उन्हात दोन सामने खेळल्या. तेव्हा सांगून पाहिलं, तर "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं. यंदा पुन्हा तेच मैदान आहे. मुलींनी विचारलं, "आम्ही दंडाला काळी फीत बांधून खेळलो तर चालेल का?"

झालं, बैठक पुन्हा बसली. एक मावशी म्हणाल्या, "खेळायला चालल्यात, खेळून या. खेळात राजकारण कशाला?" दुसरी म्हणाली, "मग त्यांनी सांगायचं कुठं?" अंधार पडेपर्यंत वाद चालला. म्हणून आज वैजापूरच्या आपल्या मैत्रिणींसाठी हाच विषय घेतलाय. कारण हा प्रश्न नुसता आपल्या मुलींचा नाही. ऑलिंपिकमध्ये, विश्वचषकात जगभरचे खेळाडू याच प्रश्नाशी झगडत आलेत.

आधी शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. राजकारण म्हटलं की आपल्याला निवडणूक आणि पक्ष आठवतात. खेळाच्या नियमांत तो शब्द मोठा आहे. जातीचा, रंगाचा, धर्माचा भेद, बाईचे हक्क, युद्ध, सरकारचं वागणं, यातल्या कशाबद्दलही मैदानावर काही बोललं किंवा दाखवलं तरी त्याला राजकीय म्हणतात. ऑलिंपिकच्या सनदेत नियम ५० आहे. ऑलिंपिकच्या ठिकाणी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचार करता येणार नाही, असं तो सांगतो. २०२१ साली टोकियोचं ऑलिंपिक झालं, त्याआधी हा नियम थोडा सैल केला. आता सामना सुरू होण्याआधी खेळाडूला मैदानावर शांतपणे खूण करून आपलं म्हणणं मांडता येतं. सामना चालू असताना आणि पदक घेताना मात्र नाही.

हा नियम मोडणाऱ्यांत सगळ्यांत गाजलेले दोघं म्हणजे अमेरिकेचे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. साल १९६८, गाव मेक्सिको सिटी. दोनशे मीटर शर्यतीत स्मिथला सुवर्ण मिळालं, कार्लोसला कांस्य. दोघंही काळ्या वर्णाचे. त्यांच्या देशात काळ्या लोकांना घर, शाळा, नोकरी सगळीकडे भेद सोसावा लागत होता. पदक घ्यायला ते बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर गेले. आपले लोक गरिबीत आहेत हे त्यांना दाखवायचं होतं. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर दोघांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर केली. कोणाला शिवी नाही, कोणाला धक्का नाही. तरी त्यांना संघातून काढून स्पर्धेबाहेर घालवलं. मायदेशी गेल्यावर धमक्या आल्या, कामधंद्याचे हाल झाले. पुढं २०१९ साली त्याच अमेरिकेच्या ऑलिंपिक संस्थेनं त्यांना आपल्या मानाच्या यादीत घेतलं. मध्ये एक्कावन्न वर्षं गेली.

आता तुम्ही म्हणाल, हे लांबचं झालं, आपल्याकडं असं कुठं होतं? तर ऐका. आपल्या महाराष्ट्रात हे त्याच्याही अठ्ठेचाळीस वर्षं आधी होऊन गेलंय.

पालवणकर बाळू हे नाव फार जणींनी ऐकलं नसेल. चर्मकार समाजातला हा माणूस. लहान वयात पुण्यात क्रिकेटच्या मैदानावर झाडलोट करायचा, रोलर फिरवायचा. पुढं गोऱ्या साहेबांच्या क्लबात नोकरीला लागला. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता इतका तयार झाला की पुण्यातल्या हिंदू संघाला तो घ्यावाच लागला. पण कसा घेतला? मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत बसून कपबशीतून पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायचं ताटही वेगळं, जागाही वेगळी. सामना जिंकून देणारे हात तेच, आणि विटाळही त्याच हातांचा.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्यांचे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही उत्तम खेळाडू होते. मुंबईत तेव्हा चौरंगी सामने होत: युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ. राज्यकर्ते गोरे लोक आणि आपले लोक समोरासमोर उभे राहत, म्हणून त्या सामन्यांना आजच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसारखीच गर्दी होई. या हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी दिलं नाही. त्यांच्याएवढा अनुभव नसलेले कर्णधार झाले. कारण उघड होतं, पण कोणी बोलत नव्हतं.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला. गुपचूप घरी बसले नाहीत. आमच्यावर जातीमुळं अन्याय होतोय, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मुंबईच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली. शेवटी अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. दोघं भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं. त्या सामन्यात कर्णधार पै मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघ बाळूंनी चालवला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघ जिंकला.

मैत्रिणींनो, "खेळात राजकारण आणू नका" असं विठ्ठल-शिवरामना सांगणारे तेव्हाही असतील. आम्हाला वाटतं त्यांना एकच विचारावं: मातीच्या भांड्यातला तो चहा काय होता? राजकारण मैदानावर आधीच येऊन बसलेलं होतं. त्या दोघांनी फक्त त्याच्याकडं बोट दाखवलं.

पुढं १९३२ साली भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळायला इंग्लंडला निघाला. त्या वेळी गांधीजी आणि काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. मुंबईचे विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांनी जायला नकार दिला. आपले पुढारी कोठडीत असताना त्याच सरकारच्या देशात खेळायला जायचं त्यांच्या मनाला पटलं नाही. देशाच्या पहिल्या कसोटीत खेळायचा मान त्यांनी सोडला. पुढच्याच वर्षी मुंबईत कसोटी झाली, त्यात दोघं खेळले. जय यांच्या नावावर तेवढी एकच कसोटी राहिली. मनाचं ऐकायची किंमत खेळाडूला अशी द्यावी लागते, कारण खेळाचं वय थोडं असतं.

आता दुसरी बाजू. आमच्या मावशी उगाच बोलत नव्हत्या. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

पहिली गोष्ट, मैदान सगळ्यांचं असतं. एकीनं आपलं दुःख मांडलं तर समोरच्या मुलीच्या आनंदावर पाणी पडू शकतं. तिनंही वर्षभर घाम गाळलेला असतो. दुसरी गोष्ट, आज चांगल्या कामासाठी परवानगी दिली, तर उद्या द्वेष पसरवणाराही तीच मागेल. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकचा हिटलरच्या सरकारनं आपल्या प्रचारासाठी पुरेपूर वापर करून घेतला. तिसरी गोष्ट, खेळाडूंवर दडपण येतं. एकीनं फीत बांधली की दुसरीला विचारतात, तू का नाही बांधलीस? तिला गप्प राहायचं असेल तर तोही तिचा हक्क आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आशिया चषकाच्या वेळी हा वाद आपल्या घराघरांत झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारत-पाकिस्तान पहिल्यांदा क्रिकेटच्या मैदानावर समोरासमोर आले. मुंबईचा सूर्यकुमार यादव कर्णधार होता. आपल्या संघानं पाकिस्तानी खेळाडूंशी हात मिळवला नाही आणि सूर्यकुमारनं विजय सैन्यदलांना अर्पण केला. त्याबद्दल त्याला दंडही झाला. आमच्या गटात कोणी म्हणालं, बरोबर केलं, मेलेल्यांची आठवण ठेवली. कोणी म्हणालं, खेळायचंच नव्हतं तर जायचंच नव्हतं, गेलो तर हात मिळवायचा. एकमत झालं नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. "खेळात राजकारण नको" म्हणणारे आपणच, आपल्या मनातली गोष्ट खेळाडूनं केली की टाळ्या वाजवतो. मग नियम खरा कुठला? आपल्याला पटतं ते देशप्रेम आणि पटत नाही ते राजकारण, असं चालणार नाही. माप सगळ्यांना एकच लावावं लागेल.

काही जण म्हणतात, बोला, पण मैदानाबाहेर बोला. २०२३ साली विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला खेळाडूंच्या लैंगिक छळाचे आरोप होते. ते आखाड्यात बोलले नाहीत, रस्त्यावर बसून बोलले. तरीही "हे राजकारण आहे" हे त्यांना ऐकावं लागलंच. बायकांना हा अनुभव नवा नाही. ग्रामसभेत बोललं तर "ही जागा नव्हे", घरात बोललं तर "ही वेळ नव्हे".

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनिझा तलाश नावाची अफगाण मुलगी निर्वासितांच्या संघातून उतरली होती. तिच्या देशात मुलींना सहावीपुढं शाळा बंद, खेळही बंद. तिनं स्पर्धेत पाठीवरचं कापड उघडलं. त्यावर अफगाण स्त्रियांना मुक्त करा, असं लिहिलं होतं. नियमाप्रमाणं तिला बाद केलं. नियम मोडला हे खरंच. पण ती दुसऱ्या कुठल्या जागी उभी राहिली असती म्हणजे सगळ्या जगानं पाहिलं असतं?

हे सगळं बोलून झाल्यावर आमच्या गटाचं मत असं पडलं. खेळाडूला मैदानावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क असावा, पण चार गोष्टी तपासून. म्हणणं माणसाच्या मानाचं, हक्काचं आहे का, की एखाद्या पक्षाच्या मतांचं? ते मांडताना समोरच्या खेळाडूचा अपमान किंवा खेळाचं नुकसान होतंय का? निर्णय तिचा स्वतःचा आहे का, की वरून कोणी सांगितलंय? आणि त्याची किंमत ती स्वतः सोसायला तयार आहे का, की दुसऱ्याच्या माथी मारतेय? या चारही गोष्टींना विठ्ठल आणि शिवराम उतरतात. स्मिथ आणि कार्लोसही उतरतात.

आणखी एक माणूस आम्हाला विसरता येत नाही. मेक्सिकोच्या त्या फोटोत तिसरा एक गोरा धावपटू उभा आहे, ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. त्याला रौप्यपदक मिळालं होतं. त्यानं मूठ उगारली नाही, पण त्या दोघांनी लावलेला मानवी हक्कांचा बिल्ला आपल्याही छातीवर लावला. तेवढ्यावरून मायदेशी त्याच्यावर टीका झाली आणि पुढच्या ऑलिंपिकला तो गेला नाही. २००६ साली तो वारला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्याला खांदा दिला. २०१२ साली तिथल्या संसदेनं त्याची माफी मागितली.

बाळूंच्या पाठीशी भाऊ उभे राहिले, म्हणून तीन वर्षांत चित्र पालटलं. ज्यांच्या मागं कोणी नव्हतं, त्यांना पन्नास वर्षं वाट पाहावी लागली. म्हणून फीत बांधावी का, हे मुलींना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारू: त्यांनी बांधली तर आपण कुठं उभ्या राहणार?

आम्ही काय ठरवलं ते सांगतो. आधी ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला: मुलींसाठी आडोसा, शौचालयाची किल्ली आणि पिण्याचं पाणी, या तीन मागण्या. त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्या मावशींची सही सगळ्यांत वर आहे. मुलींना सांगितलं की स्पर्धेच्या दिवशी सोय झालेली दिसली तर फितीची गरज नाही. नसेल तर बांधायची की नाही ते तुम्ही सातही जणी मिळून ठरवा, आणि एखादीला नको असेल तर तिला जबरदस्ती करू नका. समोरच्या संघालाही आधी सांगा, त्या मुलींचीही तीच अडचण असेल. आणि खेळ पूर्ण खेळा, जीव लावून.

त्या दिवशी आम्ही दहा-बारा जणी भाकरी बांधून मैदानावर जाणार आहोत. आडोशाला धरायला दोन जुनी लुगडी बरोबर घेतोय. जवळ असेल तिनं यावं.