हरवलेला तुकडा

भातलावणी आटोपली आणि त्याच आठवड्यात तिकोणा पेठेतल्या आमच्या घरी तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, अहवाल आला. प्रोस्टेटचा कर्करोग आधीच कळला होता. तो हाडांपर्यंत पोहोचलाही होता. हा नवा अहवाल गाठीच्या जनुकीय तपासणीचा. दहाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गाठीतल्या पेशींत नाही आणि त्यावरचे 'पीटेन' हे जनुकही नाही, असे त्यात लिहिले होते. तात्यांनी विचारले, "आरं, तुकडा हरवला म्हंजी गेला कुठं?" काकूंचा प्रश्न त्याहून अवघड होता. "हे रक्तातलंच हाय का? नातीला स्थळं बघतोय आपण."

मी डॉक्टर नाही. गेली अनेक वर्षे जनुकशास्त्र स्वतःच वाचत आलो आहे. या दोन प्रश्नांनी मला पुन्हा मुळापासून वाचायला लावले.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून. पेशीचे विभाजन होण्याआधी या साऱ्याची नक्कल करावी लागते. त्या धांदलीत धागा कधी तुटतो. बहुतेक वेळा पेशी तो सांधते. सांधणे चुकले, तर मधला तुकडा बाजूला पडतो आणि नष्ट होतो. त्या पेशीच्या पुढच्या साऱ्या पिढ्या त्याच्यावाचून जन्मतात. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

तुकडा गेल्याने कर्करोग का व्हावा? काही जनुकांचे काम पेशीला आवरण्याचे असते. त्यांना अर्बुदरोधक, म्हणजे गाठ रोखणारी जनुके म्हणतात. जोडी असल्याने प्रत्येकाच्या दोन प्रती असतात. आमच्या उतारावरच्या खाचराला एकाखाली एक दोन बांध असावेत, तसे हे आहे. एक फुटला तरी दुसरा पाणी धरतो. दोन्ही फुटले की माती वाहून जाते. अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा अभ्यास करून हाच विचार मांडला. काही मुले एक बांध फुटलेलाच घेऊन जन्मतात. इतरांचे दोन्ही बांध जन्मानंतर, एकाच पेशीत फुटतात.

प्रोस्टेटच्या गाठींत तुटण्याच्या काही जागा ठरलेल्या दिसतात. आठव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचा लोप पुष्कळदा लवकर होतो. तिथे 'एनकेएक्स३.१' हे ग्रंथीची घडण सांभाळणारे जनुक असते. याबाबतीत बांधाची उपमा थोडी अपुरी पडते, कारण एकच प्रत गेली तरी पेशीचा तोल ढळू लागतो. दहाव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर 'पीटेन' आहे. ते १९९७ साली सापडले. पेशीला 'वाढ, जगत राहा' असा निरोप देणारा एक स्निग्ध रेणू असतो. पीटेन त्याच्यावरचा एक फॉस्फेट काढून घेते आणि निरोप थांबतो. पीटेन गेले की निरोप चालूच राहतो. अशा गाठी अधिक आक्रमक असण्याची शक्यता जास्त. तेराव्यावरचे 'आरबी१' आणि सतराव्यावरचे 'टीपी५३' यांचा लोप मुख्यतः पुढच्या, उपचारांना दाद न देणाऱ्या टप्प्यांत वाढतो. 'आरबी१' हे नुडसन यांनी अभ्यासलेल्या त्या डोळ्यांच्या कर्करोगाचेच जनुक.

गुणसूत्रांकडून कर्करोगाकडे जाणारी वाट पुण्याला परकी नाही. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम.एस्सी. केले, ते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. पुढे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी तेव्हाच शोधायला घेतला होता.

काकूंचा प्रश्न तोच होता. गाठीतला लोप बहुधा त्या गाठीपुरताच असतो; तो वीर्यात किंवा बीजात नसतो, म्हणून मुलांकडे जात नाही. पण याला अपवाद आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे ६९२ पुरुष तपासले गेले. त्यांपैकी ८२ जणांत, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांत, डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा दोष जन्मजात होता. त्यात 'बीआरसीए२' सर्वांत पुढे. हे जनुक मुलींकडे गेले तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे आजोबांच्या आजाराची खूण नातीपर्यंत पोहोचू शकते.

म्हणून गाठीचा अहवाल पुरत नाही. रक्ताची किंवा लाळेची वेगळी तपासणी लागते. तिचा उपयोग रुग्णालाही होतो. बीआरसीए२ बिघडलेल्या गाठींवर चालणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये प्रोस्टेट कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

तात्यांच्या रक्तात असा दोष आढळला नाही. काकूंना हायसे वाटले. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. दोष निघाला असता, तर मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी आणि नातीकडे चौथाई असती. तिला वेळेवर तपासणी करून घेता आली असती. स्थळाकडच्यांपासून लपवावे असे त्यात काही नसते. वेळेवर कळले, तर त्याचा फायदाच होतो. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तर मग पोरीला हे सगळं तूच समजावून सांग. आमी कुणी सांगितलं तर घाबरंल."