थेम्सचा दक्षिण काठ

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंतचा थेम्सचा दक्षिण काठ जेमतेम चार किलोमीटरचा. साउथ बँक आणि बँकसाइड हे त्याचे मुख्य भाग. उत्तरेकडच्या मूळ शहराला जे नकोसे असे, ते शतकानुशतके नदीपलीकडे याच बाजूला जाऊन पडले. अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ, क्लिंकचा तुरुंग, पुढे गोदामे आणि कारखाने. नाटकवालेही त्यातच, कारण शहराच्या कारभाऱ्यांना त्यांचे वावडे होते.

म्हणूनच 1599 मध्ये शेक्सपिअरच्या मंडळीचे ग्लोब थिएटर इथे उभे राहिले. 1613 मध्ये प्रयोग चालू असताना उडवलेल्या तोफेने छपराचे गवत पेटले आणि नाटकगृह जळून गेले. मूळ जागेजवळच 1997 मध्ये सुरू झालेले आजचे ग्लोब ही अमेरिकी नट सॅम वानामेकर यांच्या चिकाटीची कमाई. ते पूर्ण झालेले पाहायला मात्र ते उरले नाहीत. 1666 च्या भीषण आगीनंतर लंडनला वर्ज्य झालेले गवती छप्पर या इमारतीवर परत आले. स्वस्त तिकीट काढणारे उघड्या अंगणात उभ्याने नाटक पाहतात, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही.

शेजारचे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचे संग्रहालय पूर्वीचे वीजकेंद्र आहे. 1981 मध्ये ते बंद पडले, 2000 मध्ये संग्रहालय झाले. 99 मीटर उंच धुराडे तसेच ठेवले आहे आणि जनित्रांच्या प्रचंड दालनात आता अवाढव्य कलाकृती मांडतात. समोरचा मिलेनियम पादचारी पूल त्याच वर्षी जूनमध्ये खुला झाला, पण चालणाऱ्यांच्या गर्दीने तो डोलू लागला. दोन दिवसांत बंद केलेला हा पूल हादरे शोषणारी यंत्रणा बसवून 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला.

पश्चिमेकडचा रॉयल फेस्टिव्हल हॉल 1951 च्या राष्ट्रीय उत्सवाची खूण. त्या उत्सवाच्या मैदानाचा काही भाग आता ज्युबिली गार्डन्स झाला असून, पलीकडे 135 मीटर उंचीचा लंडन आय पाळणा फिरतो. नॅशनल थिएटरची काँक्रीटची इमारत काहींना कुरूप वाटते. तिच्यापुढची बर्नी स्पेन गार्डन्स ही बाग मात्र सर्वांना आवडावी. इथे कचेऱ्यांचे मनोरे उठणार होते. रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढून 1984 मध्ये जमीन मिळवली आणि परवडणारी घरे व बाग केली. या काठावरचे सर्वांत मोठे यश कदाचित हेच.

टॉवर ब्रिजजवळ एचएमएस बेलफास्ट ही दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका नांगरलेली आहे. 1971 पासून ती संग्रहालय आहे.

टेटचा कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. लंडन आय आणि बेलफास्टला तिकीट लागते. वाटेत बरो मार्केटमध्ये जेवायचे असेल, तर सोमवार टाळावा, त्या दिवशी बाजार बंद असतो.