सिकलसेलचा रेणू आणि क्ष-किरणांची साक्ष

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सिकलसेल हा ओळखीचा शब्द आहे. वारली, कोकणा, धोडिया अशा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच त्याचे मूळ. एवढ्याशा बदलाने तांबडी पेशी विळ्यासारखी का वाकते, हे मात्र क्ष-किरण स्फटिकशास्त्रामुळे उलगडले. त्या शास्त्राबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की दवाखान्यातल्या एक्स-रेप्रमाणे इथेही रेणूचा फोटो निघतो. प्रत्यक्षात स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे ठिपके तेवढे उमटतात. त्यांची तीव्रता मोजता येते, पण लहरींची कला (फेज) हरवलेली असते. मॅक्स पेरुत्झ यांनी स्फटिकात पाऱ्याचे जड अणू बसवून ती परत मिळवली. १९३७ मध्ये सुरू केलेल्या कामातून हिमोग्लोबिनची ढोबळ रचना हाती यायला १९५९ उजाडले. म्हणजे रचना हे पुराव्यावरून बांधलेले प्रारूप असते. शिकणाऱ्याने सुबक चित्राला भुलण्याआधी ते किती विभेदनाचे (रिझोल्यूशनचे) आहे, हे पाहावे.

स्फटिकात कोंबलेले प्रथिन शरीरातल्यासारखे कसे असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रथिनांच्या स्फटिकात साधारण निम्मा भाग पाण्याचाच असतो. शिवाय सिकल हिमोग्लोबिनने या शंकेला थेट उत्तर दिले. वॉर्नर लव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ऑक्सिजनरहित रेणूंच्या स्फटिकात ज्या दुहेरी माळा पाहिल्या, तशाच माळा किंचित पीळ घेऊन रुग्णाच्या पेशीला वाकवणाऱ्या तंतूंत असतात. १९९७ मध्ये २.०५ अँगस्ट्रॉम विभेदनाला तपशील स्पष्ट झाला: एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या पाणी टाळणाऱ्या खाचेत रुतते.

आता प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारी अल्फाफोल्ड ही संगणक-प्रणाली आल्यावर स्फटिक कशाला, असेही विचारले जाते. त्या कामाला २०२४ चे नोबेल मिळाले, ते योग्यच. पण अल्फाफोल्ड शिकले ते प्रयोगांतून निघालेल्या रचनांवर. आणि सिकलचा एकटा रेणू निरोगी रेणूसारखाच दिसतो. रोग आहे तो रेणूंच्या एकमेकांना चिकटण्यात. ते प्रयोगानेच दाखवले.

हे सारे परदेशातच होते, हाही गैरसमज. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठीची किरणवाहिनी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहे. १९७१ पासूनच्या प्रोटीन डेटा बँकेतल्या रचना तर सर्वांना मोफत खुल्या आहेत. तलासरीच्या गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी त्यातली सिकल हिमोग्लोबिनची ‘२एचबीएस’ (2HBS) ही नोंद उघडावी आणि सहाव्या जागेवरचे व्हॅलिन स्वतः शोधावे.