ऊलाँग चहा, सुवासित

अंशतः ऑक्सिडीभवन झालेल्या ऊलाँग चहाला फुलांचा अथवा फळांचा सुवास देऊन तयार केलेला चहा. हिरवा, ऊलाँग व काळा हे तिन्ही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून करतात [⟶ चहा]. हिरव्या चहात ऑक्सिडीभवन उष्णतेने आरंभीच थांबवितात, तर काळ्यात ते जवळजवळ पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये ते प्रकारानुसार सुमारे १० ते ८० टक्के झाल्यावर पाने तापवून थांबवितात. चीनमधील फूक्येन व क्वांगतुंग हे प्रांत आणि तैवान ही याची प्रमुख उत्पादनक्षेत्रे होत.

अंगभूत सुवास : तोडलेली पाने कोमेजत असताना ती पुनःपुन्हा हलवून त्यांच्या कडा किंचित दुखावतात. या ताणामुळे पानांत नेरोलिडॉल, इंडोल, जॅस्मिन लॅक्टोन यांसारखी बाष्पनशील द्रव्ये वाढतात आणि चहाला फुलांसारखा वास येतो. क्वांगतुंगमधील फीनिक्स पर्वतावरील चहाच्या काही वाणांना ऑर्किड, अनंत इ. फुलांच्या सुवासांवरून नावे मिळाली आहेत. त्यांत फुले मात्र मुळीच घालीत नाहीत. तैवानच्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ या चहाचा मध व पक्व फळे यांसारखा वास तुडतुडे पानांतील रस शोषतात त्यामुळे निर्माण होतो. म्हणून बाहेरून द्यावयाचा सुवास या अंगभूत गंधाला पूरक असणे आवश्यक असते.

इतिहास : इंग्रज व्यापारी जॉन डॉड याने १८६९ मध्ये तैवानचा ऊलाँग न्यूयॉर्कला पाठविला. १८७३ मध्ये मागणी घटल्याने न खपलेला माल फूक्येनमधील फूजो येथे नेऊन त्याला फुलांचा वास देण्यात आला. असा चहा कागदात गुंडाळून विकीत. त्यावरून त्यास ‘पाउचुंग’ (गुंडाळलेला) हे नाव पडले. १८८१ मध्ये हा उद्योग तैपेईत सुरू झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तैपेईजवळच्या नानगांग येथे केवळ प्रक्रियेने पुष्पगंध आणण्याची पद्धत विकसित झाली आणि पाउचुंगमध्ये फुलांची गरज उरली नाही. सुवास देण्याची कला चहाचा दर्जा वाढविते, तशीच ती पडून राहिलेला माल खपविण्यासही उपयोगी पडते, हे या इतिहासावरून दिसते.

फुलांचा सुवास : वाळलेला चहा सच्छिद्र असून त्यात जलांश थोडा असल्याने तो भोवतालची आर्द्रता व गंध सहज शोषून घेतो. महाराष्ट्रात परिचित असलेला मोगरा यासाठी विशेष वापरतात. मोगऱ्याचा गंध कळी उमलत असतानाच बाहेर पडतो. त्यामुळे टपोऱ्या कळ्या दुपारी खुडतात व रात्री त्या उमलू लागताच चहात मिसळतात. फुलांच्या श्वसनामुळे रास तापते. तापमान सुमारे ४५° से. झाल्यास ती पसरून निववितात, अन्यथा फुले शिजल्यासारखी होऊन कुबट वास येतो. सकाळी निस्तेज फुले चाळून काढतात आणि चहा मंद आचेवर वाळवितात. उत्तम प्रतीसाठी ही क्रिया ताज्या फुलांनी अनेक वेळा करतात. ऑस्मँथसच्या लहान फुलांचा गंध मात्र पाकळ्यांतच टिकत असल्याने ती वाळवून चहात ठेवता येतात. त्यांतील गॅमा-डेकॅलॅक्टोनमुळे चहाला जर्दाळू व पीच यांची आठवण करून देणारा स्वाद येतो.

फळांचा सुवास : ताज्या फळांतील पाण्यामुळे चहाला बुरशी लागते, म्हणून वाळविलेले तुकडे, लिंबूवर्गीय फळांची साल किंवा तिचे तेल वापरतात. तेल फिरत्या पिंपात चहावर फवारून मिसळतात. तैवानमधील हाक्का लोक कोरलेल्या आंबट संत्रावर्गीय फळात चहा व गर भरून ते वारंवार वाफवतात व वाळवितात. मिश्रणात तुकड्यांचा आकार चहाच्या गोळीवजा पानांशी जुळता ठेवावा लागतो. न जुळल्यास जड कण तळाशी बसून प्रत्येक पेल्याची चव बदलते. आंबट फळांचे प्रमाण वाढल्यास कमी ऑक्सिडीभवन झालेल्या ऊलाँगचा नाजूक गंध झाकला जातो. त्यांच्यासाठी अधिक भाजलेला ऊलाँग योग्य ठरतो.

पारख : तीव्र कृत्रिम स्वादाने निकृष्ट पानांचे दोष लपविता येतात. तैवानमध्ये १९८१ मध्ये प्रसृत झालेल्या ‘जिनशुआन’ या वाणाला दुधाच्या सायीसारखा सौम्य गंध असतो. परंतु ‘दुधाळ ऊलाँग’ या नावाने कृत्रिम स्वाद दिलेला चहाही विकला जातो. फवारलेला स्वाद बहुधा पहिल्या एकदोन काढ्यांत निघून जातो, तर पानांचा अंगभूत गंध पुढील काढ्यांतही हळूहळू बदलत टिकतो. म्हणून तीच पाने ९०°–९५° से. तापमानाच्या पाण्यात तीनचार वेळा भिजवून पाहणे ही सोपी कसोटी होय. भारतात स्वाद घातलेल्या चहाच्या वेष्टनावर तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. सुवासित चहा हवाबंद डब्यात व मसाल्यांपासून दूर ठेवावा, कारण ज्या गुणामुळे तो फुलांचा गंध घेतो, त्याच गुणामुळे तो हिंगाचाही घेतो.