व्हिलन, बायको आणि चिकन सूप

एका टुकार खलनायकाला बावीस मिनिटांच्या कार्टूननं काळीज दिलं. सिनेमा, गेम आणि कॉमिक्स तेव्हापासून त्या काळजाचं काय करायचं, यावरच भांडताहेत!

बॅटमननं आजवर व्हिलन लोकांना कशाकशानं लोळवलंय याची यादी काढली, तर एक आयटेम भलताच हटके निघेल. चिकन सूप! खरंच सांगतेय. बॅटमनला सर्दी झालीय म्हणून बटलर आल्फ्रेडनं थर्मासमध्ये भरून दिलेलं, वाफाळतं चिकन सूप. थर्मास व्हिलनच्या बर्फगार हेल्मेटवर फुटतो, काच तडकते आणि खेळ खल्लास.

हसू आलं ना? गंमत म्हणजे हा सीन ज्या एपिसोडमध्ये आहे, तो संपताना हसू येत नाही. घशात काहीतरी अडकतं. एपिसोडचं नाव ‘हार्ट ऑफ आइस’, साल १९९२ आणि व्हिलन मिस्टर फ्रीझ.

जोकरवर सगळेच बोलतात. हीथ लेजर भारी की वाकीन फीनिक्स, यावर कॅन्टीनमध्ये दोन चहा सहज संपतात. पण एखादा व्हिलन एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना कसा बदलतो हे बघायचं असेल, तर माझं मत फ्रीझला. कारण जोकर पहिल्यापासून स्टार होता. फ्रीझ मात्र झीरो होता. अगदी शब्दशः!

प्रश्न पहिला : याच्याकडे आहे काय?

फेब्रुवारी १९५९, ‘बॅटमन’चा १२१वा अंक. लेखक डेव्ह वूड, चित्रं शेल्डन मोल्डॉफची. त्यात एक नवा व्हिलन येतो, मिस्टर झीरो. बर्फ करणारी बंदूक बनवताना अपघात होतो आणि त्यानंतर हा माणूस थंडीबाहेर जगू शकत नाही. मग तो काय करतो? हिरे चोरतो. अमेरिकन बोलीत हिऱ्यांना ‘आइस’ म्हणतात, म्हणून! शेवटी मारामारीत वाफेचा पाइप फुटतो, ऊब लागते आणि साहेब चक्क बरे होतात. विषय एंड.

तुम्ही म्हणाल, एवढी पोकळ गोष्ट का लिहिली? त्याला कारण होतं. १९५४मध्ये अमेरिकेत कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली, कॉमिक्स कोड. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही छापायचं नाही, हा त्यातला पहिल्याच कलमातला दंडक. म्हणजे व्हिलन असं ‘का’ वागतो, या प्रश्नाच्या फार खोलात जायचीच पंचाईत. उरलं काय? गॅजेट. याच्याकडे बर्फाची बंदूक, त्याच्याकडे कोड्यांची पेटी, तिसऱ्याकडे छत्री. 

१९६६मध्ये अ‍ॅडम वेस्टची टीव्ही सीरियल आली आणि झीरोचं बारसं पुन्हा झालं. ‘मिस्टर फ्रीझ’ हे नाव सीरियलचं. कॉमिक्सनी ते १९६८मध्ये उचललं. सीरियलमध्ये हा रोल तिघांनी केला. पहिले जॉर्ज सँडर्स. ‘ऑल अबाउट ईव्ह’साठी ऑस्कर मिळालेला नट. डिस्नेच्या १९६७च्या ‘जंगल बुक’मधल्या शेरखानचा आवाज तो हाच! दुसरे ऑटो प्रेमिंजर, हे तर हॉलिवूडचे बडे दिग्दर्शक. तिसरे इलाय वॉलक, ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधला तो अग्ली.

एवढी तगडी माणसं, पण काम काय? भुवया उडवायच्या आणि मजा करायची. त्यातल्या त्यात सँडर्सच्या एपिसोडमधली एक आयडिया मला सॉलिड आवडते. फ्रीझच्या अड्ड्यात त्याच्यापुरता गारठा आणि पाहुण्यांपुरती ऊब असते. गार भाग निळ्या उजेडात, उबदार भाग लाल. एकाच खोलीत दोघंजण बसलेत, पण एकाच हवेत श्वास घेऊ शकत नाहीत. तेव्हा ती फक्त रंगांची करामत होती. तिच्यात एक दुःखी गोष्ट दडलीय हे दिसायला आणखी पंचवीस-सव्वीस वर्षं जावी लागली.

प्रश्न दुसरा : हा असं का करतो?

७ सप्टेंबर १९९२. ‘बॅटमन : द अ‍ॅनिमेटेड सीरीज’. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. फ्रीझचं नवं रूप रेखाटलं माइक मिग्नोलानं, जो पुढे ‘हेलबॉय’चा जनक म्हणून गाजला.

डिनीनं काय केलं? त्यानं बंदूक बाजूला ठेवली आणि माणसाला एक नाव दिलं. व्हिक्टर फ्राइज. स्पेलिंग आपल्या फ्रेंच फ्राइजचं, उच्चार मात्र ‘फ्रीझ’. मग त्याला एक बायको दिली, नोरा. तिला असाध्य आजार. आणि त्याला एक नोकरी दिली, गॉथकॉर्प नावाच्या कंपनीत.

इथून पुढची गोष्ट आपल्या ऑफिसात बसूनही कळते. व्हिक्टर संशोधक आहे. बायकोला त्यानं कंपनीच्या लॅबमध्ये गोठवून ठेवलंय, उपाय सापडेपर्यंत. बॉस फेरिस बॉइल येतो आणि म्हणतो की, पैसे वाया चाललेत, प्रोजेक्ट बंद. व्हिक्टर विरोध करतो. बॉस त्याला लाथ घालून केमिकल्समध्ये ढकलतो आणि निघून जातो. तोच बॉस पुढे मानवतेच्या सेवेबद्दल पुरस्कार घ्यायला स्टेजवर उभा असतो. बॉइलला आवाज दिलाय मार्क हॅमिलनं. ‘स्टार वॉर्स’चा ल्यूक स्कायवॉकर आणि याच सीरीजमधला जोकर. पण इथे त्याचा आवाज एकदम गोड, मॅनेजमेंटवाला. जोकरपेक्षा जास्त भीती वाटते!

आणि फ्रीझ? मायकल अन्सारानं त्याला कोरडा, सपाट, यंत्रासारखा आवाज दिला. ना आरडाओरडा ना रडारड. एखाद्या माणसानं सगळं रडून संपवल्यावर जसा आवाज उरतो, तसा. नोरा गेली असं तो धरून चाललाय. त्याला पैसा नको, शहर नको, बॉइल हवाय. बॅटमनला टेप मिळते, खरं काय घडलं ते कळतं आणि तो फ्रीझला थांबवतोही, बॉइलला उघडाही पाडतो. शेवटी थंड कोठडीत बसलेला फ्रीझ एका छोट्या काचेच्या गोळ्याकडे बघत राहतो. आत एक नाचरी बाहुली आणि भुरभुरणारं बर्फ.

या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. पोरांसाठी म्हणून काढलेल्या कार्टूनमध्ये कॉमिक्सला तीसेक वर्षांत न सुचलेली गोष्ट सापडली. एवढंच नाही, तर १९९७मध्ये डिनीनंच एका खास अंकात ती कॉमिक्सच्या दुनियेतही आणली. म्हणजे कार्टून ओरिजिनल झालं आणि ओरिजिनलनं त्याची कॉपी मारली!

मध्यंतर : अर्नोल्डभाऊंची एण्ट्री

त्याच १९९७मध्ये आला ‘बॅटमन अँड रॉबिन’. जोएल शूमाखरचा सिनेमा, जॉर्ज क्लूनी बॅटमन आणि पोस्टरवर त्याच्याही आधी नाव अर्नोल्ड श्वार्झनेगरचं. अडीच कोटी डॉलर मानधनाच्या बातम्या तेव्हा गाजल्या होत्या.

सिनेमानं डिनीची गोष्ट जशीच्या तशी घेतली. नोरा आहे, आजार आहे, काचेची टाकी आहे. लग्नाचा व्हिडिओ बघताना फ्रीझच्या डोळ्यातून थेंब येतो आणि गालावरच गोठतो. पण हाच माणूस पांढऱ्या अस्वलाच्या तोंडाच्या सपाता घालून गुंडांकडून कोरसमध्ये गाणं म्हणवून घेतो! दर दोन मिनिटांनी थंडीवरची एक कोटी. आपल्याकडच्या गॅदरिंगमधलं निवेदनही यापेक्षा आवरतं घेतं. स्टुडिओला खेळणी विकता येतील असा सिनेमा हवा होता, हे शूमाखरनं नंतर मोकळेपणानं सांगितलं. २००५च्या डीव्हीडीत तर त्यानं निराश झालेल्या प्रेक्षकांची माफीही मागितली.

मला इथे एक धडा दिसतो. कार्टून आणि सिनेमा, दोघांकडे तेच पत्ते होते. फरक एवढाच की, कार्टूनचा आपल्या व्हिलनच्या दुःखावर विश्वास होता आणि सिनेमाला ते फक्त दोन जोक्सच्या मध्ये लावायला हवं होतं. तरी एक श्रेय द्यायला हवं. शेवटी फ्रीझ आल्फ्रेडसाठी स्वतःकडचं औषध काढून देतो, तेव्हा पाच सेकंद का होईना, श्वार्झनेगरच्या चेहऱ्यावर व्हिक्टर दिसतो.

प्रश्न तिसरा : तिला कुणी विचारलं?

इथपर्यंत आपण सगळे फ्रीझच्या बाजूचे. बिचारा, बायकोसाठी किती करतो! पण जरा थांबा. या सगळ्यात नोरा कुठे आहे? टाकीत. डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही.

१९९९मध्ये गेल सिमोन या तेव्हाच्या कॉमिक्सवेड्या वाचक बाईंनी एक यादी केली. ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’. पुरुषाच्या गोष्टीला धार यावी म्हणून मारल्या, छळल्या गेलेल्या बायकांची यादी. नाव पडलं ते १९९४च्या एका ‘ग्रीन लँटर्न’ अंकावरून, ज्यात हीरोला त्याची मैत्रीण फ्रिजमध्ये मेलेली सापडते. सिमोनबाई पुढे स्वतः नावाजलेल्या लेखिका झाल्या. आता नोराचा विचार करा. ती तर जिवंतपणी फ्रिजमध्ये! तिचं काम एकच, नवऱ्याला दुःखी ठेवणं.

गेल्या काही वर्षांत लेखकांना हा प्रश्न टोचायला लागला आणि फ्रीझची गोष्ट पुन्हा हलली. २०१२च्या ‘बॅटमन अ‍ॅन्युअल’मध्ये स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी बॉम्बच टाकला. नोरा त्याची बायको नव्हतीच! ती त्याच्या जन्माआधीपासून गोठवलेली एक अनोळखी मुलगी आणि हा तिच्यावर संशोधन करता करता एकतर्फी प्रेमात पडलेला. थोडक्यात, शवपेटीत उतरलेला रोमिओ नाही, तर मुलीला न विचारता तिच्या मागे लागलेला माणूस. मला ही गोष्ट आवडली नाही. पण तिनं विचारलेला प्रश्न डोक्यातून गेला नाही. बोलू न शकणाऱ्या बाईवरचं प्रेम म्हणजे नेमकं काय?

मग दुसऱ्यांनी नोराला तोंड दिलं. ‘गॉथम’ या टीव्ही सीरियलमध्ये, २०१६ साली, नवरा आपल्यासाठी माणसं मारतोय हे कळल्यावर नोरा गुपचूप औषधाची कुपी बदलते आणि मरण निवडते. ‘अर्खम नाइट’ या व्हिडिओ गेमच्या २०१५च्या एका जोडकथेत ती जागी होते आणि पुन्हा टाकीत जायला साफ नकार देते. जे काही दिवस उरलेत ते त्याच्यासोबत जगायचे, एवढंच तिचं म्हणणं. गेम आहे, कंट्रोलर तुमच्या हातात आहे, पण त्या क्षणी दाबायला बटण नाही. फक्त बघायचं.

सगळ्यात तिखट उत्तर २०१९चं. तोवर कॉमिक्सनी नोराला पुन्हा बायको केलं होतं. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये पीटर टोमासीनं लिहिलेल्या गोष्टीत लेक्स लुथर फ्रीझला औषध मिळवून देतो. नोरा उठते. फ्रीझ ज्या क्षणाची वाट बघत होता तो क्षण! आणि ती? तीही थंडीतच जगणारी, पण त्याच्याहून निर्दय गुन्हेगार होते आणि त्याला सोडून जाते. ज्या बाईची आठवण त्यानं काचेच्या गोळ्यात जपली होती, ती बाहेर आल्यावर गोळ्यात मावत नाही.

आणि २०२०च्या ‘हार्ले क्विन’ या कार्टूनमध्ये उलट. तिथे फ्रीझ नोराला वाचवताना स्वतःचा जीव देतो. ती उठते आणि तिचं आयुष्य सुरू होतं, त्याच्याशिवाय.

एकाच माणसाची ही इतकी उत्तरं. कोड ढिला पडला तेव्हा ‘का’ विचारता आलं. बायका कॉमिक्सवर मोठ्यानं बोलायला लागल्या तेव्हा ‘तिला विचारलंस का’ हे विचारता आलं. व्हिलन तोच, प्रेक्षक बदलले.

म्हणूनच आज ‘हार्ट ऑफ आइस’ बघताना मला दोन गोष्टी एकदम दिसतात. माणसापेक्षा बजेट मोठं मानणारा बॉस दिसतो आणि त्याचा राग येतो. पण ‘हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय’ म्हणणारा नवराही दिसतो. रात्री साडेदहाला ऑफिसमधून घरी फोन करताना हेच वाक्य आपल्यापैकी कितीजण टाकतात? पलीकडचा माणूस ‘बरं’ म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याला काय हवं होतं, हा विषय निघतच नाही.

या वीकेंडला वेळ असेल तर क्रम असा ठेवा. आधी १९६६ची सीरियल, हसायला. मग १९९२चा एपिसोड, शक्यतो कुणासोबत तरी. सिनेमा ऑप्शनला टाका. शेवटी २०१९ची कॉमिक्स. बघून झालं की शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, नोराच्या जागी तू असतास किंवा असतीस, तर काय केलं असतंस? आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.