ड्रमवरचं चित्र आणि कायद्याची यादी

18 मे 2025 ची पहाट सोलापूर विसरणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. मालकाच्या घरची माणसं होती, कामगाराच्या घरची होती, लहान बाळही होतं. आपल्या शहरात कारखाना आणि घर यांच्यात अंतर कमी आहे. म्हणून शेजारी काय साठवलंय, याची माहिती असणं ही चैन नाही, गरज आहे.

सूत आणि टॉवेल म्हणजे काही रसायन नव्हे. पण टॉवेल-चादरीच्या धंद्यात डाइंग आलं की कॉस्टिक सोडा येतो, हायड्रोजन पेरॉक्साइड येतं, हायड्रोस येतो. हायड्रोसच्या पावडरला ओल लागली तर ती आपोआप तापते, पेटू शकते आणि घसा जाळणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोडते.

अशा मालावर कायद्याची नजर असते का? असते, पण कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला, हा पदार्थ किती धोक्याचा? याला वर्गीकरण म्हणतात. दुसरा, तो एका जागी किती साठलाय? त्यावर मोठ्या अपघाताचे नियम लागू होतात. भोपाळमध्ये 1984 साली विषारी वायूने हजारोंचा बळी घेतला, त्यानंतर 1989 मध्ये आपल्याकडे घातक रसायनांचे नियम आले. त्यात हे दोन्ही प्रश्न आहेत. 2000 सालच्या दुरुस्तीनंतर यादीत 684 रसायनं आहेत, आणि निवडक रसायनांना वजनाची मर्यादा आहे.

पाणी शुद्ध करायला लागणाऱ्या क्लोरीनचं उदाहरण घेऊ. 10 टन साठा झाला की आपत्कालीन आराखडा करावा लागतो आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी लागते. 25 टनांना सविस्तर सुरक्षा अहवाल लागतो. क्लोरीनच्या मोठ्या टाकीत, म्हणजे टनरमध्ये, साधारण 900 किलो वायू मावतो. अशा अकरा टाक्या 10 टनांच्या आतच राहतात. पण गळती झाली तर एक टाकीसुद्धा मोहल्ल्याला पुरेशी आहे.

आता खरी अडचण पाहू. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये जगासाठी एकच वर्गीकरण पद्धत काढली. लाल चौकटीतली ती कवटी, ज्वाला ही चित्रं त्याच पद्धतीची. आपले नियम त्याआधीचे. विषारीपणा मोजताना प्राण्यांवरच्या चाचणीत निम्मे प्राणी किती मात्रेने मरतात ते पाहतात. तोंडावाटे मात्रा किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर आपले नियम पदार्थाला ‘विषारी’ म्हणतात. जागतिक पद्धत 300 पर्यंत कवटी लावते. म्हणजे 250 चा पदार्थ ड्रमवर कवटी घेऊन येतो, पण आपल्या मोजपट्टीत विषारी ठरत नाही. कामगार चित्र पाहतो, अधिकारी यादी पाहतो, आणि दोघांना दोन वेगळी उत्तरं मिळतात.

युरोपलाही हाच पेच पडला होता. इटलीतल्या सेवेसो गावाजवळ 10 जुलै 1976 ला कारखान्यातून विषारी ढग बाहेर पडला, त्यावरून तिथे मोठ्या अपघातांचा कायदा झाला. पुढे 2008 मध्ये वर्गीकरण बदललं, तेव्हा जुना कायदा नव्या नावांशी जुळेना. मग 2012 मध्ये नवा कायदा केला, तो 1 जून 2015 पासून लागू झाला. नवे गट जसेच्या तसे उचलले असते तर कितीतरी गोदामं विनाकारण मोठ्या अपघाताच्या यादीत आली असती. म्हणून त्यांनी तिसऱ्या गटाच्या विषांत मुख्यतः श्वासावाटे जाणारं विष धरलं. कारण अपघातात ढग नाकात जातो, कुणी ड्रममधलं पीत नाही. जुळवणी अशी विचार करून करावी लागते.

आपल्याकडेही 2020 मध्ये जागतिक वर्गीकरण घेणाऱ्या नव्या नियमांचा मसुदा झाला. पण कामावर जाणाऱ्या माणसाने त्याची वाट पाहत बसू नये. आजच्या नियमांत तीन गोष्टी आहेतच. यादीतल्या रसायनाच्या डब्यावर लेबल हवं आणि सुरक्षा माहितीपत्रक हवं, माल कितीही थोडा असो. मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर अपघात झाल्यास काय करायचं, काय टाळायचं हे शेजाऱ्यांना सांगणं कारखान्यावर बंधनकारक आहे. आणि गावासाठी बाहेरचा आपत्कालीन आराखडाही लागतो.

अब्बा, भाई, शेजारी, जो कोणी डाइंगमध्ये किंवा गोदामात जातो, त्याला घरातल्या शिकलेल्या मुलाने ड्रमवरची चित्रं समजावून द्यावीत. माहितीपत्रक इंग्रजीत असतं, घरात बोली दख्खनी, शाळेत मराठी. आम्हां शिक्षकांना वाटतं, नववी-दहावीची मुलं हे काम सहज करू शकतात. मालकांनीही ते पत्रक कपाटात न ठेवता मराठी आणि उर्दूत भिंतीवर लावावं. हायड्रोस कोरड्या जागी, पेरॉक्साइडपासून लांब ठेवावा. आणि ज्या इमारतीत माल आहे, तिथे रात्री कुणी झोपत असेल तर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा आहे का, तो उघडतो का, हे आजच पाहून घ्यावं.