दृष्टीचे रक्षण : आरंभ स्वयंपाकघरातून



वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, तपासण्या आणि शिबिरे यांची कोष्टके असतात. जे अंधत्व वेळीच टळले, त्याचा रकाना मात्र कोणत्याही कोष्टकात नसतो. आम्ही व्यवस्थापनातील माणसे; जमाखर्चाची भाषा आम्हांस अधिक परिचित आहे. त्या भाषेत सांगावयाचे तर नेत्रसेवेतील सर्वांत अल्प खर्चाचे आणि सर्वांत मोठ्या लाभाचे काम आहारापासून सुरू होते. म्हणून डोळ्यांना आवश्यक असणारी जीवनसत्त्वे कोणती, ती कोणत्या अन्नातून मिळतात आणि त्यांच्याकडून कोणती अपेक्षा करू नये, हे येथे थोडक्यात मांडीत आहोत.

‘अ’ जीवनसत्त्व आणि बालकांची दृष्टी

अंधुक प्रकाशात पाहता यावे यासाठी दृष्टिपटलातील पेशींना एका विशिष्ट रंगद्रव्याची गरज असते. हे रंगद्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होते. दृष्टीच्या क्रियेतील या जीवनसत्त्वाचे स्थान उलगडून दाखविणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अनुभवाने हे ज्ञान त्याआधीही होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बोकडाच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे आणि यकृत हा ‘अ’ जीवनसत्त्वाचा सर्वांत समृद्ध साठा आहे, हे आज सिद्ध झाले आहे.

या जीवनसत्त्वाची उणीव पायरीपायरीने प्रकट होते. प्रथम मूल दिवेलागणीच्या वेळी अडखळू लागते, समोरचे भांडे चाचपडते. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चकाकी जाते व त्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसू लागतात. येथवर उपचार सोपा असतो. मात्र त्यानंतर बुबुळ कोरडे पडून मऊ होऊ लागले, तर काही दिवसांतच ते विरघळून जाऊ शकते. गोवर किंवा दीर्घ अतिसार झालेल्या कुपोषित बालकात ही घसरण विशेष वेगाने होते. बुबुळावर एकदा पांढरा व्रण राहिला की कोणताही आहार वा औषध ती दृष्टी परत आणू शकत नाही. मोतीबिंदूचा रुग्ण शस्त्रक्रियेने पुन्हा पाहू शकतो. या बालकाला तशी सोपी सोय नाही.

याच कारणास्तव आपल्या देशात १९७० साली ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार नवव्या महिन्यात गोवरप्रतिबंधक लशीसोबत १ लाख एककांची पहिली मात्रा आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची मात्रा, अशा एकूण ९ मात्रा विनामूल्य दिल्या जातात. या प्रयत्नांमुळे बुबुळ विरघळण्याचे प्रकार आता क्वचितच दिसतात. तथापि काम संपलेले नाही. २०१६ ते २०१८ या काळातील समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के बालकांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. पहिली मात्रा सहसा चुकत नाही, कारण ती लशीबरोबर येते. लसीकरण संपल्यावरच्या मात्रा राहून जाण्याचा संभव अधिक असतो.

कळमन्याच्या बाजारातील नेत्रौषधी

कळमना हे नाव उच्चारताच धान्य, मिरची, संत्री आणि भाजीपाल्याची बाजारपेठ डोळ्यांपुढे येते. पंडित जवाहरलाल नेहरू बाजार आवारात उतरणाऱ्या मालातच डोळ्यांना लागणारे बहुतेक सर्व काही आहे.

गडद हिरव्या पालेभाज्या आणि पिवळी-नारिंगी फळे व भाज्या यांत कॅरोटीन असते. शरीर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करते. शेवग्याचा म्हणजेच मुनग्याचा पाला, चवळाई, अंबाडी, पालक, मेथी आणि सांभार; गाजर, पिकलेली पपई, आंबा आणि लाल भोपळा, ज्याला आपण कोहळे म्हणतो, हे त्याचे सुलभ स्रोत होत. नागपुरी संत्र्यातही ‘क’ जीवनसत्त्वाबरोबर अशा रंगद्रव्यांचा अंश असतो. पांढरी फुलकोबी वा बटाटा रोज खाल्ला तरी ही गरज भागत नाही.

येथे एक हिशेब ध्यानी घ्यावा. आहारातील सुमारे १२ भाग कॅरोटीनपासून शरीरास १ भाग ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. म्हणून शाकाहारी कुटुंबात पालेभाजी सणावारी नव्हे, नित्य हवी. दूध, तूप, अंड्याचा बलक, मासळी व यकृत यांत हे जीवनसत्त्व तयार स्वरूपातच असते. ज्यांना चालते त्यांनी त्यांचा लाभ घ्यावा. तसेच हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थातच शोषले जाते. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी किंवा सोबत जवसाची वा शेंगदाण्याची चटणी असावी. भाजी फार वेळ शिजवू नये आणि कडक उन्हात वाळवू नये. त्याने कॅरोटीन नष्ट होते. नवजात बालकास मातेचे पहिले चिकाचे दूध अवश्य पाजावे. ते ‘अ’ जीवनसत्त्वाने संपन्न असते.

अन्य जीवनसत्त्वे

आवळा, पेरू, लिंबू व संत्री यांतून ‘क’ जीवनसत्त्व, तर शेंगदाणे, बदाम व सूर्यफुलाचे तेल यांतून ‘ई’ जीवनसत्त्व मिळते. जस्त हे खनिज डाळी, तीळ व अखंड धान्यांतून मिळते. ल्युटीन हे पालेभाज्या, पिवळा मका व अंड्याच्या बलकातील रंगद्रव्य दृष्टिपटलाच्या मध्यभागी साठते. वार्धक्यात या मध्यभागाचा ऱ्हास झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जीवनसत्त्वे व जस्ताच्या ठरावीक मात्रेने रोग पुढील टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. परंतु हा लाभ त्या रोगाच्या विशिष्ट अवस्थेतील रुग्णांपुरताच होता. त्याच मात्रेचा मोतीबिंदूवर परिणाम दिसला नाही. ‘ब-१२’ च्या दीर्घ अभावाने दृष्टिचेतेस इजा होऊ शकते. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातच असल्याने शाकाहारी व्यक्तींनी दूध व दही टाळू नये.

अपेक्षा कोठे थांबवावी

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरील व्यक्तींतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे. मोतीबिंदू गाजराच्या रसाने वा कोणत्याही टॉनिकने विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही आणि मधुमेही रुग्णांच्या पडद्यावरील विकार तपासणीवाचून कळत नाही. जाहिरातीवर विसंबून गोळ्या घेत राहिल्यास पैशांपेक्षा मोठी हानी काळाची होते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा अतिरेक यकृतास अपायकारक असून गरोदरपणी तो गर्भासही धोक्याचा ठरतो. म्हणून अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. नित्याच्या भाज्या व फळांपासून मात्र असा धोका नाही.

आमचे नम्र आवाहन

रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती की घरातील पाच वर्षांखालील बालकाचे लसीकरणपत्र काढून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रांची नोंद पाहावी. राहिली असल्यास अंगणवाडी वा आरोग्य केंद्रात चौकशी करावी. सायंकाळी मूल चाचपडत असेल तर त्याच आठवड्यात डोळे दाखवावेत. विश्वस्तांनी बाह्यरुग्ण विभागात आहारमार्गदर्शनास कायमचे स्थान द्यावे, अशी आमची सूचना आहे. देणगीदारांच्या साहाय्यातून होणारी प्रत्येक शस्त्रक्रिया मोलाचीच आहे. त्यातील अल्प अंश या मार्गदर्शनाकडे वळला, तर ज्या डोळ्यांवर पुढे कोणतीही शस्त्रक्रिया उपयोगी पडणार नाही, ते डोळे वेळीच वाचतील. त्यांची संख्या कोणत्याही अहवालात छापता येणार नाही. तरीही या कार्यास आपले साहाय्य लाभेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.